गॅरिकच्या धक्क्यावरचे दर

कोलंबिया, साउथ कॅरोलायना, १८६९

छप्पर अजून तात्पुरतंच आहे, पत्र्याचं;
पाऊस लागला की सभापतींचा हातोडा ऐकू येत नाही.
भिंतींवर तोफगोळ्यांचे वण.
मागून तिसऱ्या रांगेत
मिंगो वॉटरी, सदस्य,
कोट दुसऱ्या कुणाच्या मापाचा,
तळहात मांडीवर उताणे.
दोरानं घासून त्यांवरच्या रेषा कधीच गेल्या;
हात बघणाऱ्या एका बाईनं
तो न बोलता परत ठेवला होता.

बावीस वर्षं त्यानं नाव ओढली,
या काठाच्या झाडापासून त्या काठाच्या झाडापर्यंत
बांधलेल्या दोरावरून.
बैल, कापसाच्या गासड्या, पाद्री,
एकदा पियानो,
एकदा त्याचीच बहीण, विकलेली.
ती पलीकडे उतरली.
तो रिकामी नाव घेऊन अलीकडे आला,
कारण काठावर लोक थांबलेले असतात.

मतदारयादीच्या कारकुनानं विचारलं, आडनाव?
बहुतेक जण मालकाचं लावतात. लवकर सांग.
मिंगोनं पाण्याकडे पाहिलं.
त्याच्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत,
माझ्या भाषेत एकच,
म्हणून मी हे मराठीत सांगते आहे:
त्याच्याकडे नाव होती, नाव नव्हतं.
मग वॉटरी नदीनं आपलं दिलं.

आज त्याचं पहिलं विधेयक.
शाळांचं नाही, जमिनीचं नाही;
ती चार्ल्स्टनची माणसं मांडतात, लॅटिन येणारी.
हे फक्त गॅरिकच्या धक्क्यावरचे दर.
गॅलरीत कुणीतरी हसतं.
बातमीदार पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करतो.
मिंगो उठतो, जुना तक्ता वाचतो,
अक्षराला अक्षर लावत.
वाचायला त्याला डार्कसनं शिकवलं,
डार्कसला तिच्या सात वर्षांच्या पोरानं.

चारचाकी गाडी, पन्नास सेंट.
घोडा आणि स्वार, साडेबारा.
पायी माणूस, सहा.
गुरं, गुलाम, डुकरं,
दर डोकं, तीन.

तो थांबतो. पत्र्यावर पाऊस.
"या ओळीतला मधला शब्द काढावा," म्हणतो.
"गुरं राहू द्या. डुकरंही राहू द्या."

एक म्हातारा गोरा सदस्य बसल्याबसल्याच म्हणतो,
सुधारणा अनावश्यक आहे,
तो शब्द आता आपोआप मेलेलाच आहे.

"साहेब, मेलेलं मी पाण्यातून पुष्कळ काढलंय.
काढावं लागतं.
आपोआप वर येतं ते फुगून येतं."

कारकुनानं रेघ मारली.
निबाचा आवाज मिंगोला ऐकू आला की नाही
कोण सांगणार,
पाऊस होता.
त्या दिवसाच्या भत्त्याचे सहा डॉलर
त्यानं खिशात दोनदा मोजले,
सुया घेतल्या डार्कससाठी,
आणि मापाचे बूट घ्यायचे राहूनच गेले.

आठ वर्षांनी खुर्ची गेली.
मतपेटी पलीकडच्या काठावर होती,
अलीकडे कंदील न लावलेले घोडेस्वार,
आणि सकाळी पाहिलं तर दोर कापलेला.

नवा दोर त्यानंच बांधला.
दुसरं कुणाला ती गाठ येत नव्हती.

वसंतात गॅरिकचा धाकटा मुलगा आला,
पायी, घोडाही विकून झालेला.
"किती रे मिंगो?"
"पायी माणूस, सहा."
त्यानं खिसे चाचपले, पाच दिले,
उरलेला उद्या म्हणाला
आणि चिखलातून चढण चढून गेला, मागे न बघता.

मिंगोनं पाच मोजून डब्यात टाकले.
रात्री डार्कसच्या वहीत,
दिवा जवळ ओढून,
त्याचं पूर्ण नाव लिहिलं,
तारीख लिहिली,
आणि पुढे:
एक सेंट, येणे.